थांबलेला खेळ व बोलके प्रेक्षक

खेळाची खरी आवड कोणास आहे आणि केवळ विजयाची हौस कोणास आहे, याची परीक्षा सामन्याच्या दिवशी होत नाही. त्या दिवशी सारेच टाळ्या वाजवितात. मैदान ओस पडते, शिट्टी मुकी होते, वर्तमानपत्राच्या क्रीडापृष्ठावर छापावयास काही उरत नाही, तेव्हा खरी परीक्षा सुरू होते. अशा वेळीही जो त्या खेळाविषयी बोलतो, वाद घालतो, वाट पाहतो, तो त्या खेळाचा प्रेमी म्हणावा. कोरोनाच्या साथीने सन २०२० व २०२१ या दोन वर्षांत ही परीक्षा साऱ्या जगाची घेतली. आमच्या नागपुरातील हॉकीप्रेमी मंडळींचीही घेतली. त्या काळातील या मंडळींच्या गप्पा पुष्कळांस रिकामटेकड्या वाटल्या असतील. आम्हांस मात्र त्यांत मनन करण्याजोगे बरेच दिसते. आणि ती साथ आता मागे पडली असल्यामुळे तो विचार शांत चित्ताने करता येतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वस्तुस्थिती काय होती ती पाहू. सन २०२० च्या आरंभी आपला पुरुष संघ चांगल्या बहरात होता. भुवनेश्वर येथे त्याने नेदरलँड्सला ५-२ असे नमविले, आणि त्या वेळचा जगज्जेता जो बेल्जियम, त्यालाही ८ फेब्रुवारी रोजी २-१ असे हरविले. सन २००३ मध्ये जागतिक क्रमवारी सुरू झाल्यापासून जे चौथे स्थान कधी लाभले नव्हते ते लाभले. टोकियोच्या ऑलिंपिकला चारच महिने उरले होते. आणि २४ मार्च २०२० या एकाच दिवशी दोन वार्ता आल्या. ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकलले गेले, आणि त्याच रात्रीपासून साऱ्या देशात टाळेबंदी सुरू झाली. पुरुष व महिला हे दोन्ही संघ त्या वेळी बंगळूरच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात होते. तेथेच ते अडकले. ज्या मैदानावर एरवी दोन वेळा घाम गाळावयाचा, ते डोळ्यांसमोर असूनही तेथे पाऊल टाकता येईना. खोलीतल्या खोलीत व्यायाम करावा, जुन्या सामन्यांची चित्रे पाहावी, आणि घरच्या माणसांशी दूरध्वनीवर बोलावे, असा त्यांचा दिनक्रम झाला. जूनच्या उत्तरार्धात त्यांस घरी जाण्याची मुभा मिळाली आणि ऑगस्टमध्ये ते पुन्हा सरावासाठी परतले.

आता आमच्या मंडळींकडे वळू. नागपूरचा मनुष्य बोलण्यात कोणास हार जाणारा नव्हे. तर्रीपोह्याच्या गाडीपाशी उभे राहून त्याने जगातील सर्व संघांची निवड करून टाकावी, हा येथील जुना शिरस्ता. टाळेबंदीने गाड्या बंद झाल्या, तेव्हा त्या गप्पा दूरध्वनीवर गेल्या. टाळेबंदी सैल झाली, तेव्हा तोंडावर मुखपट्टी बांधून चार हातांच्या अंतरावर सुरू झाल्या. परंतु थांबल्या नाहीत. ही नगरी छावणी, रेल्वे आणि मिशनच्या शाळा यांच्या सहवासात वाढलेली. हॉकीही आपल्या देशात मुख्यतः याच तीन वाटांनी रुजली. ज्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या नावातच आमचे गाव आहे, तिच्या नोकरीतील टॅपसेल व गॅलिबार्डी हे खेळाडू सन १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील सुवर्णविजेत्या संघात होते. तेव्हा या खेळाविषयी बोलण्याचा अधिकार आमच्याकडे वंशपरंपरेने आला आहे, असे येथील वृद्ध मानतात. आणि तो अधिकार ते सढळ हाताने गाजवितात.

या गप्पांचे तीन प्रकार आम्हांस दिसले. पहिला स्मरणाचा. “भाऊ, गवतावर आपल्याले कोणी हरवू शकत नव्हतं,” हे त्याचे ध्रुपद. मग सन १९७५ चा क्वालालंपूर येथील विश्वचषक निघावयाचा, सन १९८० चे मॉस्कोचे सुवर्णपदक निघावयाचे, आणि सन १९७६ मध्ये माँट्रियल येथे ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम मैदान आले व आपण सातव्या क्रमांकावर गेलो, येथे येऊन सुस्कारा पडावयाचा. दुसरा प्रकार भविष्यकथनाचा. गोल कोण राखील, पेनल्टी कॉर्नर कोण मारील, वर्षभर वय वाढलेल्या जुन्या खेळाडूंस ठेवावे की नव्या दमाच्या पोरांस घ्यावे, यांवर घरबसल्या निवडसमित्या भरत. हे दोन्ही प्रकार निरुपद्रवी, किंबहुना मनास विरंगुळा देणारे होते; आणि त्या उदास दिवसांत विरंगुळा ही काही लहान वस्तू नव्हती.

तिसरा प्रकार मात्र गंभीर होता. तो असा की, लोक मरत असता खेळ पुन्हा सुरू करावा काय? ऑगस्ट २०२० मध्ये सरावासाठी परतलेल्या खेळाडूंपैकी कर्णधार मनप्रीत सिंग धरून सहा जण बाधित निघाले. मनदीप सिंगला खबरदारी म्हणून रुग्णालयात ठेवावे लागले. ती वार्ता येताच आमच्या मंडळींत उघड दोन तट पडले. एक पक्ष म्हणे, “ज्या देशात मजूर उपाशीपोटी शेकडो कोस पायी चालत गेले, त्या देशात चेंडू कोणी कोठे मारला याची चर्चा करणे हीच निष्ठुरता होय. खेळाडूही कोणाची तरी लेकरे आहेत. पदकासाठी त्यांस धोक्यात का घालावे?” दुसरा पक्ष म्हणे, “सारेच बंद ठेविल्याने रोग हटत नाही, मन मात्र खचते. शेतकरी पेरणी थांबवीत नाही, तसा खेळाडूने सराव थांबवू नये.” सन २०२१ च्या मार्चमध्ये या वादास अधिकच धार आली. २८ फेब्रुवारीस आपल्या पुरुष संघाने जर्मनीत जाऊन जर्मनीला ६-१ असे हरविले होते, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १५ ते २१ मार्च या सप्ताहात, आमच्या नागपूर शहरावर कडक टाळेबंदी आली. एप्रिलमध्ये येथे रुग्णालयात खाट मिळविणे दुरापास्त झाले, आणि त्याच महिन्याच्या ११ व १२ तारखांस आपला संघ ब्युनोस आयर्स येथे अर्जेंटिनाशी खेळत होता. ज्या घरात प्राणवायूच्या नळकांड्यासाठी धावपळ चालली होती, त्या घरातील मनुष्याने त्या विजयाने हर्षित व्हावे अशी अपेक्षा कोण करील? ८ मे २०२१ रोजी तर मॉस्कोच्या सुवर्णविजेत्या संघातील रविंदर पाल सिंग व महाराज कृष्ण कौशिक हे दोघेही एकाच दिवशी या साथीस बळी पडले. ज्यांच्या आठवणींवर आमच्या मंडळींची संध्याकाळ सरावयाची, तेच साथीच्या आकड्यांत जमा झाले.

या वादात आमचे मत काय, ते स्पष्ट सांगतो. खेळ पुन्हा सुरू झाला हे योग्यच झाले. परंतु ज्या कारणासाठी पुष्कळजण ते योग्य मानतात, ते कारण आम्हांस मान्य नाही. पदक मिळाले म्हणून ते योग्य ठरले, असे म्हणणे सोपे आहे. पदक न मिळते तर मग ते अयोग्य ठरले असते काय? कृत्याची योग्यता फळावरून ठरवावयाची नसते. ते कृत्य कोणत्या रीतीने केले यावरून ठरवावयाची असते. खेळाडूंची वारंवार तपासणी झाली, बाधितांस वेगळे ठेवून बरे होईतो विश्रांती दिली गेली, सराव एकदम जोराने न करता पायरीपायरीने वाढविला गेला, बाहेरच्या माणसांचा संपर्क तोडून संघ एका वलयात राखला गेला. म्हणजे खेळ साथीकडे पाठ फिरवून सुरू झाला नाही. साथीकडे डोळे उघडे ठेवून सुरू झाला. पहिल्या पक्षाची काळजी आणि दुसऱ्या पक्षाची उमेद या दोहोंस त्यात स्थान होते. काळजीवाचून उमेद हा आततायीपणा, आणि उमेदीवाचून काळजी ही नुसती भीती.

निष्ठुरतेच्या आरोपाविषयीही एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. बंगळूरला अडकलेल्या महिला संघाने एप्रिल २०२० मध्ये लोकांस व्यायामाची आव्हाने देऊन निधी उभारण्याची एक युक्ती काढली. प्रत्येक दिवशी एका खेळाडूने एक व्यायाम करून दाखवावा, इतरांस तो करण्यास सांगावे, आणि ज्याने आव्हान घेतले त्याने यथाशक्ती पैसे द्यावे. अठरा दिवसांत सुमारे वीस लाख रुपये जमले आणि ते स्थलांतरित मजूर व गरजू लोकांच्या अन्नासाठी दिले गेले. या मुलींपैकी कित्येकींनी दारिद्र्य स्वतः भोगलेले आहे. कर्णधार राणी रामपाल ही गाडा ओढणाऱ्याची कन्या. खेळात दंग असणारा मनुष्य परदुःखाकडे पाहत नाही, असे ज्यांस वाटते त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

आता धीराविषयी. पुनरारंभाच्या काळात आमच्या मंडळींच्या गप्पांत एक दोष शिरला होता, आणि तो केवळ नागपूरचा नव्हे, साऱ्या देशाचा होता. संघ मैदानावर उतरला की पहिल्याच दिवशी त्याने पूर्वीसारखे खेळावे, अशी अपेक्षा ठेवावयाची, आणि ती फसली की जीभ सैल सोडावयाची. परंतु थांबलेला खेळ म्हणजे थांबविलेले घड्याळ नव्हे, की किल्ली दिली आणि तेथूनच चालू झाले. पेनल्टी कॉर्नरचेच उदाहरण घ्या. एकाने मैदानाच्या मागील रेषेवरून चेंडू वेगाने ढकलावयाचा, दुसऱ्याने तो अर्धवर्तुळाबाहेर अचूक थोपवावयाचा, आणि तिसऱ्याने तो काठीवर ओढून गोलात फेकावयाचा. समोरून गोलरक्षक व त्याचे चार साथी धावून येत असतात, आणि हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडावे लागते. एकट्याने खोलीत दंड-बैठका काढून शरीर राखता येईल. परंतु तीन जोडी हातांचा हा मेळ एकत्र आल्यावाचून राखता येत नाही. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार डावांत पुनःपुन्हा धावून पुन्हा दम धरण्याची शक्तीही प्रत्यक्ष सामन्यावाचून येत नाही.

महिला संघाची कथा या बाबतीत फार बोधप्रद आहे. सुमारे वर्षभराच्या खंडानंतर जानेवारी २०२१ मध्ये तो अर्जेंटिनास गेला. तेथील मुख्य संघावर त्यास एकही विजय मिळाला नाही. पुढे जर्मनीत चार सामने झाले, चारही हरले. त्यानंतर एप्रिलमध्ये कर्णधारासह संघातील सात जणी बाधित निघाल्या. टोकियोस पोहोचल्यावर पहिले तिन्ही सामने गेले. “या पोरींस कशास पाठविले?” असे विचारणारे तेव्हा थोडे नव्हते. पुढे काय झाले? आयर्लंडला १-० व दक्षिण आफ्रिकेला ४-३ असे हरवून त्या बाद फेरीत आल्या, आणि २ ऑगस्ट २०२१ रोजी बलाढ्य ऑस्ट्रेलियाला १-० असे नमवून ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत प्रथमच जाऊन पोहोचल्या. पदक थोडक्यात हुकले. ब्रिटनने कांस्यपदकाचा सामना ४-३ असा जिंकला. पुरुष संघानेही ऑस्ट्रेलियाकडून १-७ असा मार खाल्ला होता; त्याच संघाने ५ ऑगस्टला जर्मनीविरुद्ध १-३ अशा पिछाडीवरून ५-४ असा विजय मिळविला. सामना संपण्यास अवघी सहा सेकंदे उरली असता जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि तेहतीस वर्षांच्या श्रीजेशने तो अडविला. एकेचाळीस वर्षांनी हॉकीत पदक आले, आणि मनप्रीतने ते साथीत झटणाऱ्या डॉक्टरांस व इतर सेवकांस अर्पण केले. मार्चमध्ये या संघांविषयी जे बोलले गेले ते ऑगस्टमध्ये कोणी उच्चारीना. यावरून शिकावयाचे ते एवढेच की, पराभवाच्या दिवशी निर्णय देण्याची घाई करू नये.

इतिहासाकडे पाहिले तरी हाच बोध होतो. सन १९१८ च्या इन्फ्लुएंझाने आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. आमचा जुना मध्यप्रांत व वऱ्हाड तर सर्वांत अधिक झळ लागलेल्या भागांपैकी एक. त्यानंतर दहाच वर्षांनी, सन १९२८ मध्ये, ॲम्स्टरडॅम येथे आपल्या संघाने एकही गोल न स्वीकारता सुवर्णपदक जिंकले. सन १९४० चे ऑलिंपिक मुळात टोकियोलाच व्हावयाचे होते. ते आणि सन १९४४ चे, अशी दोन्ही महायुद्धाने गिळली. ध्यानचंदांसारख्याची उरलेली वर्षे त्या खंडात गेली. तरीही बारा वर्षांनी, १२ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वतंत्र भारताच्या संघाने लंडनमध्ये ब्रिटनला ४-० असे हरविले. आणि त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, मॅक्सी वाझ यांच्यासारखे मुंबईच्या मैदानांवर वाढलेले गडी होते. मधल्या बारा वर्षांत राष्ट्रीय संघास ऑलिंपिक नव्हते, परंतु शाळा-शाळांतून, रेल्वेच्या वसाहतींतून, छावण्यांतून खेळ चालूच होता. म्हणूनच संघ पुन्हा उभा राहिला.

आणि येथेच आमच्या मूळ मुद्द्याशी आम्ही येऊन पोहोचतो. राष्ट्रीय संघ थांबल्याने खेळ मरत नाही. लहान खेळाडू परतले नाहीत म्हणजे मरतो. संघाच्या पुनरारंभाविषयी आमच्या मंडळींनी रात्री जागविल्या. परंतु आपल्याच गल्लीतील मुलाच्या पुनरारंभाविषयी किती जणांनी चौकशी केली? महाराष्ट्रातील शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडले, आणि खालच्या वर्गांतील मुलांस याहूनही अधिक काळ घरी काढावा लागला. ज्या मुलाने बाराव्या वर्षी काठी कोपऱ्यात ठेविली, तो चौदावे लागता मैदानावर परतला. चौदा-पंधरा वर्षांच्या मर्यादेच्या स्पर्धांचे त्याचे दिवस परस्पर निघून गेले. राष्ट्रीय खेळाडूपाशी शिक्षक होते, वैद्य होते, आहार ठरविणारे होते. या मुलापाशी कोण होते? त्याची काठी आखूड झाली, बूट लहान झाले, आणि घरात एक वाक्य तयार होते, “अभ्यास बुडाला आहे, आता खेळ पुरे.”

पालकवर्गास आम्ही विनयपूर्वक सांगू इच्छितो की, हे वाक्य काळजीपोटी निघते हे आम्ही जाणतो. परंतु ते हिशेबात चुकीचे आहे. दोन वर्षे चार भिंतींत बसलेल्या मुलाच्या अभ्यासाचा तोटा मैदान तोडून भरून निघत नाही. ज्या देहास दम नाही तो पुस्तकापुढेही फार काळ बसत नाही. शिवाय हॉकी मुलास जे शिकविते ते घरातील पडद्यासमोर शिकता येत नाही. चेंडू स्वतःपाशी ठेवण्याचा मोह सोडून तो दुसऱ्यास द्यावा, पंचाने शिट्टी दिली की मन कडू झाले तरी थांबावे, आणि हरल्यावर समोरच्याचा हात हाती घ्यावा, हे एका तासाच्या खेळात दहा वेळा करावे लागते. मुलींच्या बाबतीत तर हे वाक्य अधिक लवकर उच्चारले जाते. त्यांच्या आईबापांनी सातारा जिल्ह्यातील वैष्णवी फाळके व अक्षता ढेकळे यांच्याकडे पाहावे. आपल्याच मराठी मुलखातील या मुली साथीच्या खंडातून बाहेर पडून एप्रिल २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील कनिष्ठ विश्वचषकात देशासाठी खेळल्या, आणि त्या संघाने चौथा क्रमांक मिळविला.

मग बोलक्या प्रेक्षकाने करावे तरी काय? बोलणे सोडावे, असे आम्ही म्हणत नाही. टोकियोच्या मैदानाभोवती प्रेक्षकांस मज्जाव होता. रिकाम्या खुर्च्यांसमोर आपले गडी खेळले व जिंकले. यावरून कोणी म्हणेल की प्रेक्षकावाचून काही अडत नाही. मोठ्या संघाचे अडत नसेल. लहान मुलाचे अडते. श्रीजेशला आमच्या टाळीची गरज नव्हती. परंतु शाळेच्या मैदानावर प्रथमच गोल राखणाऱ्या मुलास कडेला उभ्या असलेल्या दोन ओळखीच्या चेहऱ्यांची फार गरज असते. तेव्हा जो वृद्ध क्वालालंपूरच्या गोष्टी सांगतो, त्याने आठवड्यातून एक सायंकाळ मैदानावर येऊन त्या मुलांस सांगाव्या. जो घरबसल्या संघ निवडतो, त्याने एखाद्या होतकरू मुलास एक काठी घेऊन द्यावी. आणि जो पराभवाच्या दिवशी रागावतो, त्याने एकदा स्वतः वाकून, नीट काठी धरून, पन्नास पावले चेंडू नेऊन पाहावा. त्याचा राग बराच उतरेल असा आमचा विश्वास आहे.

विद्यार्थिमित्रहो, ८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे आपल्या संघाने स्पेनला २-१ असे हरवून पुन्हा कांस्यपदक मिळविले, आणि श्रीजेशने त्या सामन्यानंतर खेळातून निवृत्ती घेतली. त्याची जागा आज दुसऱ्याने घेतली आहे. पुढे त्याचीही जागा तिसऱ्यास घ्यावी लागेल. तो तिसरा आज कोठेतरी शाळेतच शिकत असला पाहिजे. तो नागपूरचा असेल काय, हे आम्हांस सांगता येत नाही. परंतु संध्याकाळी पाच वाजता शाळेचे मैदान मोकळे असते, आणि गोलाचे खांब उभे असतात, एवढे आम्ही सांगू शकतो.